काकूंच्या मांडीवर

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवी खोली, आणि खिडकीतून दिसतं काय, तर हॉस्पिटलचं धोबीघर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, बरं झालं, तुला लोकांची धुणी बघायची हौसच आहे.

वॉर्ड नऊ खाटांचा. नशेच्या गोळ्यांत अडकलेल्या गरोदर आणि बाळंत बायांचा. नशा एकदम तोडली तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं, म्हणून रोज सकाळी नशेच्याच जातीचं पातळ औषध मोजून द्यायचं आणि समोर प्यायला लावायचं. मग तोंड उघड, जीभ वर कर, दोन शब्द बोल. गालात थेंब राहता कामा नये. हे काम आता माझं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या की माझी नजर घारीची आहे. दिवसभर फुगून फिरले.

५ तारीख, बुधवार

जन्मल्यावर बाळांनाही नशा तुटल्याचा त्रास होतो. थरथरतात, दूध टाकतात, आणि रडतात असं की कानाचे पडदे फाटावेत. दर तीन तासांनी आम्ही त्यांच्या त्रासाचे गुण लिहितो. गुण जितके कमी तितकं बाळ बरं.

चार नंबरच्या खाटेवर टेलरबाई आहे. पाठीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी घात केला. पण गेले सात महिने एक दिवस औषध चुकवलं नाही. परवा मुलगा झाला. तो तिच्याकडे राहणार की बालगृहात जाणार, ते तेरा तारखेला बालकल्याण समिती ठरवेल. बाई जीव मुठीत धरून बसली आहे.

आणि काकू! निवृत्त आया. पगार न घेता येतात, रडकी बाळं मांडीवर घेतात, वर औषधाचे पेलेही विसळून ठेवतात. त्यांच्या मांडीवर पाच मिनिटांत बाळ गप्प. देवमाणूस.

८ तारीख, शनिवार

टेलरबाईच्या बाळाचे गुण अकरावरून दोनवर आले. मी तक्त्यावर मोठं फूल काढलं. टेलरबाई मात्र म्हणते, बाळ दूध ओढत नाही, फार झोपतं. म्हटलं, सुख टोचतंय का तुला?

९ तारीख, रविवार

सकाळी बाळ निळं पडलं होतं. डॉक्टरांनी पंपाने श्वास परत आणला. म्हणाले, कोणीतरी ह्याला नशा चाटवली आहे.

सगळे टेलरबाईकडे बघायला लागले. मीही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. मी लिहून दिलं की हिनेच गालात औषध लपवलं असणार. सही केली. बाळ तिच्याकडून काढून काकूंकडे दिलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सिस्टर, रोज माझं तोंड बघता. एकदा काकूंचं बोट बघा."

मला राग आला. ज्या बाईने इतकी पोरं सांभाळली, तिच्यावर आळ घेते!

१० तारीख, सोमवार

काकू बाळाच्या तोंडात बोट घालून बसल्या होत्या. टेलरबाई धावत आली आणि ते बोट दातांत धरलं. सोडेचना. चौघांनी ओढलं तेव्हा सुटली. बोटाचं पेर तिच्या तोंडात. ते तिने फरशीवर थुंकलं. माझ्या एप्रनवर रक्त, भिंतीवर रक्त.

तिला बाळांच्या दूधखोलीशेजारच्या खोलीत खाटेला बांधलं आहे. काकू मलमपट्टी करून घेताना हसत होत्या. हसत.

११ तारीख, मंगळवार, सकाळ

बाळाची आई कालपासून बांधलेली आहे. तरी बाळ दगडासारखं झोपलंय. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, म्हणजे नशाच.

मग कोण चाटवतंय?

मोरीपाशी जाऊन उभी राहिले. काकू पेला विसळतात तो चमचाभर पाण्याने. ते पाणी ओतत नाहीत. एका बाटलीत जमा करतात. नऊ बायांचे नऊ पेले, रोज. त्यात चांगलं बोट बुडवलं आणि बाळाकडे निघाल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर मी ओढला.

दुपार

दूधखोलीत आहे. आतून कडी. बाळ माझ्यापाशी.

मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी काकूंकडे बाटली मागितली. काकूंनी ट्रेमधली कात्री उचलून त्यांच्या गळ्यात — दोनदा. मग मला, बरगडीखाली. म्हणाल्या, "बाळ रडलं नाही पाहिजे." शांतपणे. समजावल्यासारखं.

फोन कपाटात, बाहेर. रक्त थांबत नाही. मी गेले तर हे वाचा — टेलरबाईने काही केलेलं नाही — माझी सही खोटी — बाळ तिचंच, तिलाच —

तळव्यावर टिचकी मारली की श्वास घेतं. थांबले की थांबतं. एका हाताने टिचकी, एका हाताने —

बाळा रड. रड ना रे. मोठ्याने —

रडलं! बारीक, पण रडलं —

शेजारी काहीतरी मोडलं. खाट. पट्टा.

दारावर थाप. टेलरबाईचा आवाज. म्हणते, सिस्टर, मी सुटलेय, माझं बाळ द्या. खरंच तीच? की काकूंनी तिला पुढे उभं केलंय —

एकदा नाही ठेवला विश्वास. ह्या खेपेला ठेवते.

कडी काढली. फटीतून अनवाणी पाय, घोट्याला तुटका पट्टा. तीच आहे. तिच्या मागे काकूंचे बूट, तिला दिसत नाहीत — मागे बघ — ओरडवत नाही — माग