तातडीचं कारण

सॅक्रामेंटो,
८ सप्टेंबर २०२४

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल कोथरूडला गणपती बसले असतील. इथे आम्हीही बसवले. मातेओने मोदक वळले होते. उकडताना ते सगळे उघडले, तरी त्याने ते चमच्याने खाल्ले आणि छान झालेत म्हणाला. लग्नाआधी एवढा गुणी वाटला नव्हता.

आता कामाचं. आमोदचा फोन आला होता. त्याचं आणि नम्रताचं लग्न डिसेंबरात ठरलं, हे मला तुझ्याआधी त्याने सांगितलं असं तो म्हणतो. खरं-खोटं तू बघ. ‘माझ्यामागे करवली म्हणून तूच उभं राहायचंस,’ असं तो म्हणाला आणि मी हो म्हणून बसले.

हो म्हणणं माझ्या हातात नव्हतं. मातेओ इथला नागरिक, त्याची बायको म्हणून मी इथे कायमचं राहायचं कार्ड मागितलंय, हे तुला माहीत आहे. अर्ज करून वर्ष होत आलं. त्याचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जायचं तर वेगळा परवाना लागतो. तो न घेता गेलं तर मी अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. परवान्याचाही अर्ज केलाय, तोही कुठेतरी पडून आहे. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भावाचं लग्न हे तातडीचं कारण होत नाही. आईवडिलांचं गंभीर आजारपण होतं. डॉक्टरांचं पत्र दाखवलं तर चार दिवसांतही परवाना मिळतो.

आत्या, शनिवार पेठेतले आपले डॉक्टर बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्याशी तू बोलशील का? माधवरावांची प्रकृती नाजूक आहे, मुलीने यावं, एवढं दोन ओळींत इंग्रजीत हवं. फोनवर हे तुला ओरडून सांगावं लागलं असतं आणि बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र. त्यांना कळू देऊ नकोस.

मी काय मागते आहे ते मला कळतंय. एक डोळा झाकून वाच.

कळावे. लोभ आहेच, रागावून झालं की तो पुन्हा वर काढ.

तुझी,
अस्मिता

*

कोथरूड, पुणे
४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका तीनच आहेत, परदेशात राहून ही प्रगतीच म्हणायची. बाकी मजकुराबद्दल मी तुला कडक उत्तर लिहायला घेतलं होतं. एकतीस वर्षं शाळेत खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या पकडल्या, आता या वयात स्वतः एक आणायला जाऊ का, असं त्यात पहिलंच वाक्य होतं. ते चांगलं जमलं होतं, पण वाया गेलं.

कारण पाकीट वॉचमनकडून तुझ्या बापानेच वर आणलं. दारात पडलेलं पत्र ज्याच्या हाती लागेल त्याने फोडायचं, ही आपल्या घरातली वाईट खोड तुला ठाऊक आहे. वाचून तो रागावेल असं मला वाटलं. तो इतका खूश झाला की मीच रागावले. पोरीला यायचंय आणि त्यासाठी मला फक्त आजारी पडायचंय, याहून स्वस्त काय असतं, असं म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि रिक्षा करून शनिवारात गेला. मी नको म्हणत जिन्यापर्यंत गेले. त्याने ऐकलं नाही, आणि तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आमचं हल्ली असंच चालतं.

डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं की असलं पत्र मी लिहीत नाही. पण आलाच आहेस तर झोप, बघतो, म्हणाले. छातीची ईसीजीची पट्टी काढली. ती बघून लगेच दुसरी काढली. मग त्याला घरी येऊ न देता स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर आमोदने तुला सगळं फोनवर सांगितलेलं असेल. तरी लिहिते. तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, त्यातली एक मुख्य. दसरा झाला की बायपास करायची. लग्न पुढे ढकललं. नम्रताच्या आईने शब्दही न बोलता कार्यालयाची तारीख बदलून घेतली. माणसं बरी आहेत.

डॉक्टरांनी पत्र दिलं आहे. आमोद ते तुला पाठवतो आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही.

मातेओला आशीर्वाद. त्याला म्हणावं, मोदकाची पारी पातळ कर.

लोभ कमी होत नाही, हाच त्याचा दोष.

तुझी,
श्यामलाआत्या

*

सॅक्रामेंटो,
२४ नोव्हेंबर २०२४

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. विमानतळावर मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं, परवाना तपासला आणि सोडलं. कार्डाची मुलाखतही झाली. मातेओला त्याच्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, नाव विचारलं. त्याने ते उगाच पूर्ण सांगितलं, आजोबांच्या नावासकट. निकाल टपालाने कळेल म्हणाले.

बाबा खोकताना उशी छातीशी धरतात का? नर्सने सांगितलं होतं, टाके भरेपर्यंत धरायची. मी निघाले त्या दिवशी ते विसरत होते, किंवा मी बघतेय म्हणून मुद्दाम धरत नव्हते.

तुझ्याजवळ दिवाळीभर राहिले आणि एक गोष्ट बोलायची राहिली. रोज सकाळी तू चहा गाळायचीस तेव्हा ठरवायचे की आता बोलू. पण तुझ्याशी मोठ्याने बोलावं लागतं आणि ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

आमोदचा फोन आला तेव्हा मी दुकानात भाजी निवडत होते. बाबांच्या हृदयात तीन ठिकाणी अडथळे आहेत, ऑपरेशन करावं लागेल, असं तो म्हणाला. आत्या, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता परवाना मिळेल. भीती त्यानंतर आली. फार वेळाने नाही, पण नंतर आली. हातातली टोपली खाली ठेवताना मला बरं वाटत होतं, हे मला पक्कं आठवतं.

दुसऱ्या दिवशी परवान्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी डॉक्टरांचं पत्र शांतपणे वाचलं आणि वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं असं म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. खरं पत्र हातात असूनही मला चोरी केल्यासारखं होत होतं. मातेओने खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, बाबांच्या काळजीने मी अशी झालेय.

मग तुमच्याकडे आले. बाबांना अतिदक्षतेतून बाहेर आणलं आणि मला बघून ते हसले. नळ्या होत्या तरी हसले. तुझ्यासाठी केलं हो सगळं, असं म्हणाले. त्यांनी गंमत केली. मला ती अजून पेलत नाहीये.

आणि इतकं करून मी थांबलेही नाही. मुलाखतीची तारीख आली तेव्हा ती पुढे मागता येते का, असं वकीलबाईंना मी विचारलंसुद्धा नाही. पुढे गेली तर पुन्हा किती महिने लागतील कोण जाणे, असं म्हणून मी बॅग भरली. हा परवाना एकदाच वापरायचा होता. आमोदचं लग्न आता फेब्रुवारीत, आणि तोवर कार्ड आलं नाही तर मी तिथे नसेन.

हे बाबांना सांगू नकोस. या वेळी पाकीट त्यांच्या हाती लागू नये म्हणून नम्रताच्या पत्त्यावर पाठवते आहे. ती फोडणार नाही असं म्हणालीय.

रागावलीस तरी लिही. लोभाचं काय करायचं ते त्यानंतर ठरव.

तुझी,
अस्मिता

*

कोथरूड, पुणे
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नम्रताने न फोडता दिलं. सून चांगली मिळाली आहे, आता ती आपल्यात राहून बिघडेल. उत्तराला उशीर झाला याला लग्नाची गडबड हे कारण मी देऊ शकते, पण ते तितकं खरं नाही.

आधी लग्नाचं. व्यवस्थित झालं. माधव खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होता. अक्षता टाकायला तो उभा राहिला आणि बराच वेळ राहिला, धाप लागली नाही. मंगलाष्टकांच्या वेळी आमोदच्या मागे करवली म्हणून कुणी उभं राहायचं, यावर मुलींची कुजबुज चालली होती. शेवटी मीच जाऊन उभी राहिले. अडुसष्ट वर्षांची करवली त्या कार्यालयाने पाहिली नसेल. भटजींनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी एकदाच पाहिलं, तेवढं पुरलं. आमोद मागे न वळता हळूच काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता असं मी धरून चालले.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस ते वाचून मी तुला माफ वगैरे केलेलं नाही, कारण ते माझं काम नाही. पण एक गोष्ट तुला माहीत असायला हवी.

गेल्या पावसाळ्यापासून माधव जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचा. कठडा धरायचा आणि शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं करायचा. चाळीस वर्षं तीच पाटी आहे. मी पिशवी घेऊन मागे असायचे. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. डॉक्टरकडे चल, असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काहीतरी निघालं असतं, निघालं असतं तर ते तुला कळलं असतं, आणि कळल्यावर तू परवाना-बिरवाना सगळं टाकून आली असतीस. एवढी वाट बघून पोरीचं होत आलेलं काम मोडायला नको, असा मी विचार केला. भावाच्या छातीपुढे मी तुझा कागद ठेवला. चांगल्या मनाने ठेवला, म्हणून तो मला अजून बोचतो आहे.

तुझ्या खोटेपणामुळे तो डॉक्टरांपर्यंत पोचला. माझ्या शहाणपणाने तो जिन्यातच राहिला असता. डॉक्टर आमोदला म्हणाले की महिनाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ते मला सांगताना आमोदचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून मला नीट कळलं.

हे मी माधवला सांगितलं. तो म्हणाला, ताई, मी थांबायचो ते तुला दिसत होतं तर, मला वाटलं मी फसवतोय. संध्याकाळी त्याने स्वतःहून मला फिरायला नेलं.

तुझं मी त्याला सांगितलेलं नाही. ते तू सांग, किंवा नको सांगूस.

आमच्या दोघांच्या लोभात आता तू आहेस, आणि त्यातून सुटका नाही.

तुझी,
श्यामलाआत्या

*

सॅक्रामेंटो,
६ एप्रिल २०२५

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मातेओला इंग्रजीत सांगितलं. जिन्याचा भाग सांगताना मला थांबावं लागलं. त्याने विचारलं, आता तुमच्यापैकी कोण कोणावर रागावणार. मी म्हणाले, अजून ठरलेलं नाही. तुझ्यावर रागावायचा मी प्रयत्न केला आणि मला तो हक्कच सापडला नाही.

पाडव्याच्या आठवड्यात कार्ड आलं. साध्या पाकिटात, बँकेच्या जाहिरातींच्या मध्ये. मातेओने केक आणला, त्याची आई येऊन रडली. मीही आनंदात होते, ते नाकारत नाही.

बाबांना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा माझं अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, मग कधी येतेस. इतके दिवस या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. कागद आले की येते, असं मी म्हणायचे, आणि तेही म्हणायचे की बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. या वेळी मी म्हणाले, बघते.

मग इथली थंडी कमी झाली का, असं त्यांनी विचारलं.

आत्या, पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत मला जानेवारीत नोकरी लागली, पहिल्या वर्षी रजा फार मिळत नाही. उन्हाळ्यात तिकिटं परवडत नाहीत. मातेओच्या बहिणीला बाळ व्हायचंय, तिच्या घरी दुसरं कुणी नाही. हे सगळं खरं आहे. पण हे कुठल्याही खिडकीतून मला कुणी सांगितलेलं नाही. हे मीच मांडते आहे आणि मीच मान डोलावते आहे. अडवणारं ऑफिस होतं तोवर मी तुमच्याकडे यायला तडफडणारी मुलगी होते, आणि मला तसं असणं सोपं जात होतं.

दुकानातल्या त्या दिवसाचं मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. समोर बसून सांगेन.

मे महिन्यात येते, असं या पत्रात लिहायचं ठरवून बसले होते. तिकीट काढलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

बाबांना नमस्कार, आमोद-नम्रताला आशीर्वाद. लोभ असू दे. मी तो किती ताणते आहे, ते मला कळतं.

तुझी,
अस्मिता