डेन्मार्कच्या गोलातली ती बाई

प्रिय सुमन,

पुसेगावच्या मुलींचा फुटबॉलचा संघ मोडला. तुझ्या मुख्याध्यापकांनी हिंगोलीच्या पोस्टातून ट्रंक कॉल करून मला तसं कळवलं. एकाच्या तोंडची बातमी छापायची नाही ही माझी जुनी खोड, म्हणून रजा टाकून औरंगाबादहून स्वतः आलो. काल तुझ्या संघातल्या रुक्मिणीच्या आईनंही तेच सांगितलं. आता शंकेला जागा उरलेली नाही.

तू पोळ्याच्या आधी गेलीस. तेव्हापासून तुला लिहायचं म्हणतोय. आयुष्यभर परक्या माणसांचे मृत्युलेख मी ठरल्या वेळेत लिहून दिले, आणि तुझ्यासाठी चार ओळी जुळल्या नाहीत. आज लिहायला बसलोय, कारण ही बातमी तुला सांगणारं दुसरं कुणी नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला ती अजून हवा भरायचा पंप ओट्यावर काढून ठेवते. चेंडू दाबून बघते. तिला काय सांगू?

तुझ्या खोलीत ते चित्र अजून भिंतीवर आहे. दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी पाठवलेलं. कचेरीत रद्दीला निघालेल्या एका इंग्रजी साप्ताहिकात होतं. डेन्मार्कच्या बायकांचा संघ, मेक्सिकोत जाऊन जगात पहिला आलेला. तुझ्या शाळेला कुठूनसा एक फुटबॉल मिळाला होता आणि मुलांनी तो मुलींच्या हाती लागू दिला नव्हता, म्हणून तू मला लिहिलं होतंस, बाया हा खेळ खेळतात असं दाखवणारं काहीतरी धाड. मी कात्री चालवली आणि पाकीट टपालात टाकलं. एवढंच माझं काम.

पुढच्या खेपेला आलो तर तू विचारलंस, "दादा, हे डेन्मार्क कुठं आलं?"

"जर्मनीच्या डोक्यावर."

"मंग बराबर. डोक्यावरच बसल्यात पोरी."

त्याच दिवशी तू मला वर्गातली गंमत सांगितलीस. चित्रात सगळ्याजणी एकसारख्या सदऱ्यात, आणि एकटीच वेगळ्या रंगात, दोन खांबांच्या मधे, सगळ्यांपासून लांब उभी. एका पोरीनं विचारलं, "बाई, हिचा सदरा येगळा काहून?" तू तोंड उघडायच्या आत दुसरीनं सांगून टाकलं, "हिला कावळा शिवला असंल. म्हणून बाजूला हुबी केली." साऱ्या वर्गाला ते पटलं. महिन्यातले ते चार दिवस घराच्या कोपऱ्यात बसणाऱ्या पोरींना दुसरं काय पटणार?

मी हसलो. मग तुला नीट समजावलं की तिला गोलकीपर म्हणतात, ती जागाच वेगळी, सदरा वेगळा असतो तो पंचाला ओळखू यावा म्हणून. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मला ठाऊक हाय. पोरींना सांगू नको."

तेव्हा मला तुझा राग आला होता. आपण धम्म घेतला त्या वर्षी आईनं बाजूला बसणं सोडलं. शिवाशिव म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? गावाच्या विहिरीपासून लांब उभी राहिलेली आपली आजी. आणि तू, तिची नात, पोरींना विटाळाची जागा आखून देत होतीस, तीही चुन्याच्या रेषेनं?

मी हे बोललो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दर महिन्याला चार दिस एकेक पोरगी घरी बसती. आज ही, उद्या ती. एकदा घरी बसलेली पोरगी पाचव्या दिवशी येतच न्हाई, दादा. आई म्हणती, चार दिस गेली न्हाईस, काय बिघडलं? आधी मैदानात तर येऊ दे. मंग बोलू."

आणि त्या आल्या. ज्या पोरीचे दिवस असतील तिनं गोलात उभं राहायचं, हा तुझ्या संघाचा नियम झाला. कुणीच नसेल त्या दिवशी तू पदर खोचून उभी राहायचीस. गावाला लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, अंगणाच्या कोपऱ्यात बसलेली पोर तशीही सगळ्यांना दिसायचीच. आयांना तू सांगितलंस, लांबच उभी राहते, कुणाला शिवत नाही. एकीनं शंका काढली, की तिनं हातात धरलेला चेंडू बाकीच्या पोरींना लागतो, त्याचं काय? तेव्हा रुक्मिणीच्या म्हाताऱ्या आजीनं निकाल दिला होता. "चेंडू मातीत लोळतो का न्हाई? मातीला कुठं असतो विटाळ? जाऊ द्या लेकरांना."

पारावरची माणसं तुमच्याकडे बघून "काय डेन्मार्क, आज जिंकलं का?" असं विचारायची. पोरी "व्हय" म्हणायच्या. आपसातच खेळायच्या, तेव्हा डेन्मार्क रोजच जिंकायचं.

सुमन, तुझी ही लबाडी मला कधीच पूर्ण पटली नाही. पण ती चालली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नापास झालेल्या पोरी त्या मैदानासाठी पुन्हा शाळेत बसल्या.

मग रुक्मिणी आली. तिच्यासारखे हात कुणाचेच नाहीत, असं तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. महिन्यातल्या तिच्या चार दिवसांत एक गोल व्हायचा नाही. एकदा मी समोर असतानाच ती तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मला बाकीच्या दिवशी बी गोलातच हुबं राहायचंय."

तू म्हणालीस, "थांब जरा."

का थांब म्हणालीस, ते मला तेव्हा कळलं नाही. तुला पुढचं दिसत होतं ना? मग ते बाकी कुणाला का सांगून ठेवलं नाहीस? निदान मला? कावीळ अंगात भिनली होती, डोळे हळदीसारखे झाले होते, तरी तू दवाखान्यातून मला चेंडूच्या ब्लॅडरबद्दल निरोप धाडलास. रुक्मिणीबद्दल एक शब्द नाही. मी तुझ्यावर रागावलोय असं समज.

तुझ्या जागी आलेले मास्तर चांगले आहेत. तरुण आहेत, नियम शिकून आलेत. त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं की गोलात दर चार दिवसांनी पोरगी बदलते. त्यांनी विचारलं, पोरींनी सांगितलं, ते थक्क झाले. मग त्यांनी फळ्यावर मैदान काढून खरं काय ते समजावलं, आणि रुक्मिणीला कायमची गोलकीपर केलं. त्यांचं काय चुकलं? मी असतो तर हेच केलं असतं. निवड करणारे येत्या रविवारी जिल्ह्याच्या संघासाठी मुली बघायला येणार, हेही त्यांनीच जमवून आणलं. रुक्मिणी निवडली जाणार याची त्यांना खात्री होती.

पण गावानं फळा पाहिला नव्हता. गावानं एवढंच पाहिलं की रुक्मिणी आता रोज गोलात उभी राहते.

काल मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं पाट दिला, पाणी दिलं, आणि उंबऱ्यातच बसून बोलली.

"भाऊ, बाई होत्या तवा पोरगी महिन्याचे चार दिस हुबी राहायची. कुणी काय म्हणलं न्हाई. आता लोक म्हणतेत, हिचे दिस सरतच न्हाईत का? काय रोग हाय का पोरीला?"

"तसं काही नाही, ताई. ती जागाच तशी असते. मास्तरांनी सांगितलं ना?"

"मला सांगितलं हो. साखऱ्याच्या पाहुण्यांना कोण सांगंल? पोरगी पसंत होती त्यांना. सुपारी फुटायच्या आधी निरोप आला, की आमाला न्हाई जमत."

बाकीच्या आयांनी मास्तरांचंच बोलणं धरलं. गोल म्हणजे बाजूची जागा नाही ना? मग त्या दिवसांत पोरगी मैदानात जायची कशी? एकेक पोर घरी बसली, आणि तू म्हणाली होतीस तसं पाचव्या दिवशी आली नाही.

तुझ्या भिंतीवरून तेवढ्यापुरतं उतरवून नेलेलं ते चित्र मी पिशवीतून काढलं. बाई दाखवली. सांगितलं, ही रोज तिथंच उभी राहते, आणि साऱ्या जगात ह्यांचा संघ पहिला आलाय. रुक्मिणीची आई बराच वेळ बघत होती. आतून रुक्मिणीचा आवाज आला, "आये, तिचा उजवा पाय बघ. उडायच्या आधी ती तसाच ठेवती."

"गप बस गं," आई म्हणाली. मग तिनं मला विचारलं, "भाऊ, हिचं लगीन झालंय का?"

सुमन, मला ठाऊक नव्हतं. चित्राखाली तिचं नावसुद्धा नाही, फक्त देशाचं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "व्हय, दोन लेकरं हायेत, नवरा सरकारी नोकरीत हाय." आणि भाकरी थापायला लागली असतीस. एवढं एक वाक्य हवं होतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण ज्याची खात्री नाही ते बोलायचं नाही, असं वळण जिभेला इतकी वर्षं पडलंय. मी म्हणालो, "ठाऊक नाही, ताई."

तिनं चित्र दोन्ही हातांनी परत दिलं. "मंग राहू द्या, भाऊ."

तेव्हापासून मी हाच विचार करतोय. तुझ्या खोटेपणानं पोरी मैदानात आल्या, आणि आमच्या खरेपणानं त्या घरी गेल्या. यातून मी काय शिकायचं? तू "मंग बोलू" म्हणाली होतीस. ते "मंग" आता कधी येणार?

शनिवारी सकाळच्या गाडीनं रुक्मिणीची आई तिला घेऊन निघेल. कनेरगाव नाक्याला गाडी बदलून वाशीमला, मामाकडे. तिकडं गोलाची गोष्ट कुणाला ठाऊक नाही. तिकडंच एखादं स्थळ बघतील. रविवारी निवड करणारे येतील, मुख्याध्यापक त्यांना चहा देतील, मास्तर मैदान दाखवतील. दोन खांबांच्या मधे कुणी नसेल.

एक मात्र मी करीन. मुंबईत वृत्तसंस्थेत माझा जुना सोबती आहे, त्याच्यामार्फत तिकडच्या एखाद्या वर्तमानपत्राला विचारीन, ही बाई कोण, आणि तिचं लग्न झालंय का. उत्तर यायला किती महिने लागतील सांगता येत नाही. बहुतेक तोवर रुक्मिणीचं होऊन गेलेलं असेल. तरी जे उत्तर येईल ते, तसंच, मी वाशीमला जाऊन तिला सांगीन.

तोवर आई रोज चेंडूत हवा भरेल. मी तिला अडवणार नाही, एवढं तुला वचन देतो.

तुझा,
दादा