एकच रिंग टाकली, ताई!

प्रिय ताई,

जिंकलो वं! काल अमरावतीच्या ड्रॅग रेसमध्ये फायनल मारली! कालपासून सगळ्यांना फोन करून झाले. बडनेऱ्याच्या आत्याला, ऑफिसातल्या साहेबाला, शेजारच्या डॉक्टरला सुद्धा. तरी पोट भरेना. मग कळलं, जिला पहिल्यांदा सांगायचं तीच राहिली आहे. म्हणून आज सकाळी अकोल्याला तुझ्या दुकानात, तुझ्याच स्टुलावर बसून लिहितोय. समोर मोटरसायकलचं इंजिन उघडून पडलंय आणि तुझी सायली त्यात डोकं घालून बसली आहे.

आणि आधीच सांगून टाकतो. पिस्टनवर एकच रिंग होती. तीही पातळ!

आली का कपाळावर आठी?

किती भांडलो गं आपण या रिंगवरून! पिस्टनभोवतीचं ते लोखंडी कडं, स्फोटाचा जोर खाली निसटू न देणारं. तू म्हणायचीस, दोन पाहिजेत आणि जाड पाहिजेत. मी म्हणायचो, ताई, आपल्याला पाव मैल पळायचंय, नागपूरला नाही जायचं. दोन रिंगा म्हणजे घासणं जास्त. शिवाय इंजिन फार जोरात फिरायला लागलं की जाड रिंग आपल्या खोबणीत थरथरते आणि ताकद तिथंच गळते.

तू हातातला पाना खाली न ठेवता म्हणायचीस, "अन् पातळ रिंग धुराच्या भोकात, पोर्टात, अडकून तुटली का मंग? चालत्या गाडीचं चाक जाम होईन. तू कुठी जाऊन पडशीन? इंजिन मले दुसरं भेटते बे, भाऊ नाई भेटत."

संपलं! वाद रिंगचा, आणि मधे भाऊ आणायचा! हे काही बरोबर नव्हतं हं ताई.

गेल्या थंडीत काविळीनं तुला नेलं, तेव्हा दुकान आता बंदच होणार असं सगळे धरून चालले होते. पण सायलीनं शटर वर केलं. इतकी वर्षं तुझ्या हाताखाली सिलिंडर घासलेली पोर ती, दुसरं करणार तरी काय होती? मी दर रविवारी अमरावतीहून यायला लागलो आणि ती म्हणेल त्याला मान डोलवायला लागलो.

"मामा, आईच्याच सेटिंगवर ठेवू?"

"ठेव."

"रिंगा दोनच टाकू?"

"टाक."

इंजिन जोरात फिरायला लागलं की गाडी दमायची. सीटवर बसलेल्या मला ते कळत होतं. पण जिची आई नुकतीच गेली, त्या पोरीशी हुज्जत कशी घालायची?

एका रविवारी तिनं हातातली कानस टेबलावर आपटली. "मामा, तू माह्याशी भांडत काहून नाईस?"

मी स्टुलावरून उठलो.

"आईशी भांडे तू, तवा गाडी पळे. माह्याशी नुसतं हो-हो करून राहिला. मले मिस्त्री समजतं का बिचारी पोरगी?"

मग काय, भांडलो की! अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मी म्हटलं, एकच रिंग टाक. ती म्हणाली, आईनं नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, आई काहून नाही म्हणे, ते सांग.

"पोर्टात अडकते म्हणून."

"मंग रिंगले काय शिव्या देतं? पोर्टाचं काही करता येते का, ते पाह्य!"

तिनं लगेच जुना सिलिंडर उचलून दाराच्या उजेडात धरला. धूर बाहेर पडायचं ते भोक आपणच ताकदीच्या हावेनं केवढं रुंद केलं होतं, आठवतं? रिंग तिथं बाहेर फुगायची आणि कडेवर आपटायची. सायली हळूच म्हणाली, "मामा, आईची भीती खरी होती. पण इलाज दुसरा हाये."

तिनं दुसरा सिलिंडर घेतला. पोर्ट बेतानं रुंद केला आणि त्याची धार मोडत बसली. कापसाचा बोळा आतून फिरवायची, एखादा तंतू अडकला की पुन्हा पॉलिश पेपर. बोळा सुळकन फिरला तेव्हा कुठं थांबली. मग रिंगच्या दोन टोकांमधली फट. तुझंच वाक्य मला ऐकवलं तिनं, "लोखंड तापलं का पसरते, त्याले जागा ठेवा लागते." मी म्हटलं, आपलं ऊन बघ, अजून जरा ठेव. त्यावर पुन्हा भांडण! शेवटी ठेवली.

बार्शीटाकळीजवळच्या एका जिनिंग मिलच्या आवारात कापूस उठल्यावर लांब सिमेंटची पट्टी मोकळी होती. तिथं आधी दोन रिंगांचा पिस्टन पळवला, मग एका रिंगचा. ताई, काय सांगू! जिथं दमायची तिथंच अशी उठली की भाऊजी, तुझा नवरा, कधी गाडीकडं ढुंकून न बघणारा माणूस, टाळ्या वाजवत पळत आला!

आता कालचं ऐक. सेमीफायनलला शेजारच्या लेनमधल्या पोराचं इंजिन अर्ध्यात जाम झालं. चाक अडकलं, गाडी आडवी, पोरगा घसरत गेला. उठला, कोपर सोलवटलं, बाकी ठीक. मी जिंकलो खरा, पण तुझाच आवाज कानात. सायलीला म्हटलं, "बस झालं, इथंच थांबू."

तिनं मला समजावलं नाही. सायलेन्सर खोलला, पोर्टातून बॅटरी मारली आणि लाकडी काडीनं रिंग दाबून दाखवली. दबली, सोडली की परत आली. "पाह्य. जित्ती हाये. मले शंका असती तं म्याच चाबी नसती देली. मामा आमाले बी एकच हाये."

बसलो गाडीवर!

हिरवा दिवा लागला आणि नागपूरचा गडी सुटला पुढं. अर्ध्यापर्यंत त्याचं मागचं चाकच दिसत होतं. मग आपली गाडी चढली. चढतच गेली! रेषेवर एका चाकानं पुढं होतो, ताई, एका चाकानं! सायली ट्रॅकवर धावत सुटली, आयोजक ओरडत तिच्यामागं, आणि भाऊजींची एक चप्पल गर्दीत गेली ती गेलीच!

आज उघडून बघितली. रिंग सगळीकडून सारखी चकाकतेय, कुठं खरचटलेलंही नाही. तरी तुझ्या लेकीनं ती सरळ भंगारात टाकली. म्हणते, पातळ रिंग एका रेसपुरती, तिच्याकडून जास्त मागायचं नाही.

तू म्हणशील, "एका रेसनं काय होते बे?" म्हण ना! पण हा वाद हरायला तरी थांबायचं होतंस, ताई. जिंकून समोर तूच नाहीस, ही काय रीत झाली?

आत्ता सायली म्हणतेय, पुढच्या वेळी रिंगची फट कमी करू. मला साफ चूक वाटतंय. तुला शब्द देतो, आई नसलेली पोर म्हणून तिच्या होला हो कधी करणार नाही. तुझ्याशी भांडलो तसाच, तितक्याच जोरात तिच्याशी भांडेन.

थांब, कानस उचलली तिनं. जातो भांडायला.

तुझाच,
विलास