निकेलला विषबाधा

३ मार्च

काय गं वही, काल सांगितलेलं विसरलीस ना? अंगावर लिहिलंय, तरी! लिहिता-वाचता येणाऱ्यांचं असंच — कागदावर उतरवलं की डोकं रिकामं. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं लक्षात. सूनबाई, हेही लिही. हसू नकोस.

४ मार्च

नात फोनवर ओरडत होती — "विषबाधाच आहे! नाहीतर इतक्या लवकर मेला कसा?" मी धावत जाऊन शेजारणीला सांगितलं. संध्याकाळी ती तोंड पाडून दारात. "कोण गेलं हो?"

नातीने कपाळावर हात मारला. "आजी, निकेल! कारखान्यातला!"

शेजारीण हळूच म्हणाली, "परदेशी होता का?"

५ मार्च

निकेल हा धातू निघाला! नातीने समजावलं, तिच्या कारखान्यात तेलाचं वनस्पती तूप करायला तो लागतो. त्याचे बारीक कण तेलाची आणि हायड्रोजन वायूची जोडी जमवतात, स्वतः तसेच राहतात. "म्हणजे लग्नं जुळवणारी बाई!" मी म्हटलं.

"हो, पण तिच्या बाकावर गंधक येऊन बसलाय. उठतच नाही. जोडी बसणार कुठे?"

कणांवर काजळी असती तर जाळून काढली असती म्हणे. हा पाहुणा चिवट.

साहेब मात्र नातीला म्हणतो — तूच भट्टी जास्त तापवलीस, कण एकमेकांना चिकटले. तसं ठरलं तर पोरीची नोकरी गेली!

७ मार्च

"गंधक आला कुठून, कळलं का गं?" विचारलं तर नात उठून गेली. ताट तसंच.

९ मार्च

कळलं. तेल निकेलकडे जाण्याआधी एका टाकीतून जातं. तिच्यातला भुगा गंधक धरून ठेवतो. भुगा संपृक्त झाला — हा नातीचा शब्द, म्हणजे त्याचं पोट भरलं — की बदलायचा. बदललाच नाही. "चालेल अजून महिनाभर," म्हणाला कोण? टाकीवरचा मुकादम. माझा लेक! नातीचा बाप, नि ही लिहितेय तिचा नवरा.

घरात फाटक्या चपलेलाही तो हेच म्हणतो — चालेल अजून! मी खो-खो हसले. मग पाहिलं, एकटीच हसतेय. सूनबाईचं पेन थांबलेलं.

१० मार्च

नातीने साहेबाला बापाचं नाव सांगितलं. आज दोघं एकाच बसने कामाला गेली — एक पुढे, एक पार मागे. सूनबाई, डोळे पूस, शाई फिसकटेल. दुपारी दोघांना डबे पाठव. एकात नुसता भात, दुसऱ्यात नुसती भाजी.