मनुबाईंनी न घेतलेलं नाव

बेळगाव, १९८४

आदरणीय डॉक्टरसाहेब,

येळ्ळूरच्या मनुबाई सहकार्य करत नाहीत, म्हणून त्यांच्या न बोलणाऱ्या मुलीला आपल्या बोलायला शिकवण्याच्या वर्गातून काढायला तुम्ही मला सांगितलंत. दोष काय, तर मुलीला घरच्यांचे फोटो दाखवून शब्द शिकवताना फोटोतल्या नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत!

तुम्ही गेल्यावर मी त्यांनाच विचारलं.

"मालकाचं नाव कसं घेऊ गं बाई? पोरगी काय नावानं हाक मारणार हाय व्हय बापाला? आप्पा म्हणंल की!"

त्यांनी फोटो धरून "आप्पा" म्हटलं. मुलीच्या तोंडून "प्पा" आलं.

तुमच्या घरी वहिनीही तुम्हाला "अहो"च म्हणतात. त्यांना कुठल्या वर्गातून काढायचं?

हे पत्र पेटीत टाकायचा धीर होत नाही. मुलीला मात्र सोमवारी वर्गात बसवणार आहे.

आपली आज्ञाधारक, पण वैतागलेली,
कुमुदिनी