एकशे बारावा चेहरा

सोमवार, २ जून
आले एकदाची! नवं गाव (बाबा मूळचे इथलेच, पण मला नवंच), नवी नोकरी आणि आम्हा दोघींपुरती खोली. माझ्या सहा वर्षांच्या लेकीची, चिमीची, शाळा रस्ता ओलांडला की लगेच. पोरगी खूश, म्हणून मीही खूश.

संग्रहालयातलं काम माझ्या आवडीचं आहे. परक्या राजवटीतल्या एका साहेबानं इथल्या लोकांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे ठसे घेतले होते. त्यांच्यावरची धूळ झाडायची, चिरा बुजवायच्या. तेव्हा म्हणे नाकपुड्यांत दोन नळ्या घालून तोंडावर ओलं प्लास्टर थापत, आणि ते सुकेपर्यंत माणसानं हलायचं नाही. एकशे अकरा चेहरे, सगळ्यांचे डोळे मिटलेले. नावं नाहीत, नुसते क्रमांक. जरा लहानच वाटतात. सुकताना आकसले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. प्लास्टर आकसत नाही हे पक्कं ठाऊक असूनही.

गुरुवार, ५ जून
आमच्या प्रमुख बाईंना कागद म्हणजे जीव की प्राण. चहा पिताना सांगत होत्या, साहेब गेला, राज्य गेलं, पण त्याचा एकही हुकूम इथे मोडलेला नाही. रद्द केल्याचं पत्र येत नाही तोवर हुकूम चालूच. मी खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर चिमीला इकडेच बसवत जा, म्हणाल्या. मनानं चांगल्या आहेत.

सोमवार, ९ जून
एक्केचाळीस क्रमांकाची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. आमच्या घरात सगळ्यांची तशीच. आजीची होती, बाबांची होती, माझी आहे, चिमीची आहे. आजी कडाक्याच्या थंडीतही तोंडावर पांघरूण घेत नसे. बाबाही नाही. आम्ही थट्टा करायचो.

सत्त्याऐंशीलाही तीच भुवई, आणि हनुवटीवर बाबांचा व्रण. पण बाबा जन्मले ते साहेबाचं राज्य गेल्यावर! मग हा ठसा घेतला कुणी? मला भीती वाटते आहे.

मंगळवार, १० जून
बाईंना विचारलं. काही लपवलं नाही त्यांनी, उलट कौतुकानं साहेबाच्या हुकमाची फाइल उघडली. प्रत्येक घराण्याचा दर पिढीला एक नमुना, वयाच्या सहाव्या वर्षी. मी म्हटलं, माझा घ्या आणि थांबवा हे. त्या म्हणाल्या, तुमचा झालाय की. एकशे चार.

काढून पाहिला. मीच आहे. आठवत काहीच नाही. पण तोंडावर पांघरूण मीही घेत नाही.

म्हणजे मला इथे नोकरी दिली ती—

बुधवार, ११ जून
सामान बांधलं. शाळेत धावले. शिक्षिका म्हणाल्या, संग्रहालयातून माणूस येऊन चिमीला घेऊन गेला, तुम्हीच पाठवलात ना?

मी नाही—

बुधवार, दुपार
संग्रहालयाच्या दालनात आहे. दार बाहेरून लावलंय. चिमी टेबलावर आडवी. प्लास्टर थापून झालंय. नुसत्या दोन नळ्या दिसतायत.

ओढून काढायला गेले. बाई म्हणाल्या, ओलं असताना काढलं तर नळ्या बुजतील, पोर गुदमरेल. हलली तरी गुदमरेल. म्हणून हात धरायला घरचं माणूस लागतं.

माझे म्हणे बाबांनी धरले होते.

मी नाही धरणार. माझ्या लेकीचे तरी—

बोटं हलतायत तिची. एक नळी कलली—

वही ठेवते. चिमे, हलू नकोस गं बाळा, मी धरते, दोन्ही हात घट्ट ध—