टाकीचा शब्द

नाशिक रोड,
८ जानेवारी २०२६

प्रिय भागी,

अनेक आशीर्वाद. पाव्हण्यांना नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडीत माझा गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी त्याच्याहून जास्त कुरकुरते, पण दोन्ही चालू आहेत. तू पाठवलेली नागली पोचली. वहिनीची भाकरी माझ्या ताटात येईपर्यंत तिचे तीन तुकडे होतात आणि ती दोष नागलीला देते. आलीस की तिला एकदा शिकव. मी सांगितलं म्हणू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी अडखळलो की तू "जाऊ दे दादा" म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देतो. म्हणून कागद घेतला.

पल्लवी रविवारी जेवायला आली होती. तुझी लेक नर्सिंगला नाशकात आल्यापासून आमच्या घराला वाचा फुटलीय. त्या दिवशी मात्र पोरगी मटणाची वाटी पुढ्यात ठेवून गप्प. वहिनीने खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. तू खालच्या पाड्याची वेगळी ग्रामसभा मागते आहेस. पाण्याचे, रस्त्याचे ठराव आपल्या पाड्याने आपले करायचे, मोठ्या गावाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. त्याला पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांच्या सह्या हव्यात. अर्धा पाडा द्राक्षबागांवर गेलेला, म्हणून तू जीपला लटकून दिंडोरीकडे गेलीस, मांडवाखाली वाकून वाकून एकेकीपुढे कागद धरलास. आणि बायांनी सही दिली नाही.

सुलाबाई म्हणाली म्हणे, "भागीबाय, मागं तुझ्याच शब्दावर आमी गप बसलो. टाकी येनार सांगलं व्हतं तू. आली का? धनराजनं तुला काय दिलं ते तुलाच ठावं."

हे सांगताना पल्लवी रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "मामा, त्या बिनविरोधच्या बैठकीत तुम्ही होतात ना? टाकीचा शब्द कोणी कोणी दिला, नावं सांगा. मी आईला लिहून पाठवते, ती बायांना दाखवेल."

मी म्हटलं, "बघून सांगतो."

ती गेल्यावर वहिनी भांडी आवरत म्हणाली, "काय बघून सांगणार? काय बघायचं राहिलंय?" तिला सगळं ठाऊक आहे, भागी. तुला नाही.

तीन वर्षांपूर्वी सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. तू अर्ज भरलास, मोठ्या गावातल्या धनराजने बायकोच्या नावाने भरला. मला निरोप आला की गाव बिनविरोध करायचंय, तुम्ही मोठे, तुम्ही या. मी गेलो. मला खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. टॉवेल-टोपी केली, नारळ हातात दिला. धनराज म्हणाला, "बुधादादा, तुमचा शब्द ती मोडायची नाय." खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. ओझरच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथे माझ्यासाठी कोणी कधी उठून उभं राहिलं नव्हतं. इथे अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो.

मी विचारलं होतं. "भागी माघार घेईल, पण खालच्या पाड्याच्या टाकीचं काय?" धनराज म्हणाला, "टाकीचं बघू की नंतर, आधी चहा घ्या." मी चहा घेतला. त्या बैठकीत एवढंच झालं. शब्द कोणीच दिला नाही.

तहसीलला जाताना जीपमध्ये तू विचारलंस, "दादा, टाकीचं नक्की का?" आणि मी म्हणालो, "सगळ्यांनी माझ्यासमोर शब्द दिलाय. पहिली टाकी तुमचीच." पुढे तू अक्षर विचारलं नाहीस. दुसरं कोणी असतं तर तू कागदावर घेतलं असतंस. रेशनवाल्याकडूनही पावती घेणारी बाई तू! पण सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचं? माघारीच्या अर्जावर सही केलीस आणि संध्याकाळी पाड्यावर जाऊन बायांना टाकी येणार म्हणून सांगितलंस. माझं खोटं तेव्हापासून तुझ्या नावावर चाललं आहे.

दर ग्रामसभेत तू उठून विचारतेस, "दिलेल्या शब्दाचं काय झालं?" आणि ते हसतात. तुला वाटतं, शब्द मोडून वर हसतात. अगं, कोणता शब्द तेच त्यांना कळत नाही. टाकी त्यांनी द्यायलाच हवी होती, शब्द असो नसो, ते पाप त्यांचं. हे माझं.

खोटं का बोललो? गावात भांडण नको म्हणून, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगतोय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं लिहायला हात धजत नाही. मला वाटलं, आपली भागी कुठली सरपंच होतेय! सातवी शिकलेली, बागांवर मजुरीला जाणारी. पडेल, तिचं हसं होईल, आणि तिच्याबरोबर माझंही. कारखान्यात मी तपासनीस होतो, एकेक रिव्हेट हाताने चाचपल्याशिवाय सही करत नव्हतो. तुला मात्र न तपासताच बाद केलं. पाड्यातल्या बाया तुला मत द्यायला बसल्या होत्या. मतदानाचा दिवस उजाडायच्या आधीच मी एकट्याने निकाल लावून टाकला.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा पहाटे झिऱ्यावर बसून वाटीवाटीने हंडा भरायचीस. मला शाळेला उशीर होऊ नये म्हणून. माझ्या नोकरीत तुझे किती हंडे ओतलेले आहेत ते मी कधी मोजलं नाही. त्याच बहिणीला मी पाण्याच्याच बाबतीत फसवलं. मला लाज वाटते, भागी. तू माझी फार लाडकी आहेस आणि तरी मी हे केलं.

पल्लवी म्हणाली, २५ तारखेला बायांची ग्रामसभा आहे. हे पत्र तिथे मोठ्याने वाच. दादाला लोक काय म्हणतील म्हणून चुलीत घालशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. एक प्रत पल्लवीकडे देऊन ठेवली आहे. मी २४ला सुरगाण्याच्या एसटीने येतो. बायांनी बोलावलं तर उभं राहून हेच तोंडाने सांगेन. नाही बोलावलं तर बाहेर बसून राहीन. उतरल्यावर तुझ्या घरी यायचं की नाही, ते तू कळव. नको म्हणालीस तरी मी येणार आहे, फक्त घरी येणार नाही.

पुढच्या निवडणुकीला उभी राहणार असशील तर मला विचारू नकोस. कुणालाच विचारू नकोस.

माझं मत नाशिक रोडला आहे, त्यामुळे तुझ्या कागदावर माझी सही चालत नाही. म्हणून पुढची ओळ सुलाबाईसाठी आणि सगळ्या जणींसाठी लिहितो, ती नीट वाच, घाई करू नकोस.

बायांनो, भागीने तुम्हाला फसवलेलं नाही. तिलाच फसवलं होतं, तिच्या सख्ख्या भावाने. त्याचं नाव खाली आहे.

बुधा सोमा भोये

(भागी, दर वेळी इथे 'तुझा दादा' लिहितो. आज ते लिहायचं की नाही, हे तुझ्यावर सोडलं आहे.)